हुंकार देणारी अंडी

अंड्याने हुंकार दिला तो श्रावणातला दुसरा शुक्रवार होता. जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ घालून, दूधसाखर आणि फुटाण्यांचा नैवेद्य दाखवून मी पाटावर बसले होते. मुठीत अक्षता होत्या, आणि कहाणी ऐकायला घरात कुणी नव्हतं. म्हणजे हे होते. पण ह्यांनी कानातलं यंत्र काढून चार्जिंगला लावलेलं, आणि ते कानात नसलं की ह्यांना श्रावण आणि शिमगा सारखेच.

आमच्याकडे कहाणी मनातल्या मनात वाचत नाहीत. ती सांगायची, आणि ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये "हूं" म्हणायचं. हूं आल्याशिवाय सांगणारीने पुढचं वाक्य घ्यायचं नाही. मी लग्न होऊन रहिमतपूरला आले तेव्हा हूं म्हणायचं काम सासूबाईंकडे होतं. मग ते आमच्या मृण्मयीकडे आलं. ती शिकायला बाहेर पडली तशी ते ह्यांच्याकडे गेलं. ह्यांचा हूं कुठेही येतो. राणीला दारिद्र्य आलं की हूं, दारिद्र्य फिटलं की "चहा टाकतेस का?"

त्या दिवशी मी इकडे तिकडे पाहिलं आणि माझी नजर टेबलावरच्या पेटीवर गेली. मिक्सरच्या खोक्याएवढी पांढरी पेटी, वरून काच, आत बारा अंडी.

"आज तुम्हीच ऐका," मी म्हटलं, आणि पाट त्यांच्याकडे वळवून कहाणीला सुरुवात केली.

पहिलं वाक्य झालं. सवयीने थांबले. हूं येणार नव्हता हे मला कळत होतं, पण इतक्या वर्षांची जीभ, ती थांबलीच. आणि पेटीच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या अंड्याची रेघ एकदम उभी राहिली. पाठोपाठ पेटीच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला. टक्.

मला वाटलं, पेटीत काही बिघडलं. पुढचं वाक्य घेतलं, थांबले. टक्. आता दोन रेघा उभ्या. तिसऱ्या वाक्याला चार. कहाणी संपत आली तेव्हा मी थांबले की बाराच्या बारा रेघा शेतातल्या कणसांसारख्या वर यायच्या, आणि मी बोलायला लागले की खाली बसून ऐकायच्या. शेवटच्या वाक्याला मी अक्षता वाहायच्या विसरून मुठीतच धरून बसले होते.

*

ही पेटी आमच्या घरी का आली ते सांगायला हवं.

पक्ष्यांच्या तापाची ती वर्षं अजून पुष्कळांच्या आठवणीत असतील. गावागावांतली मोकळी कोंबडी पकडून नेली, खुराडी जाळली, आणि काही वर्षं अंगणात कोंबडी दिसणं बंद झालं. गावरान कोंबडीचं रक्त तेवढं बंद खोल्यांतून जपलं होतं. यंत्रात अंडं उबवायचं, यंत्रातल्या उबेत पिल्लू वाढवायचं, त्याचं अंडं पुन्हा यंत्रात. अशा पिढ्यांवर पिढ्या गेल्या. मग बंदी उठली, कोंबड्या अंगणात परतल्या, उकिरडे उकरायला लागल्या. पण एकही कोंबडी खुडूक बसेना.

खुडूक हा शब्द आता घरात लोळत पडलेल्या माणसाला चिडवण्यापुरता उरला आहे. खरी खुडूक कोंबडी मी लहानपणी आजोळच्या शेजारी पाहिली होती. अंडी घालता घालता एक दिवस ती थांबते. पिसं फुलवून अंड्यांवर ठाण मांडते, दाणापाणी विसरते, आणि कुणी जवळ गेलं तर गुरगुरते. ती बसली म्हणजे पिल्लं निघणार. ती बसलीच नाही, तर कोंबडीचा वंश यंत्राच्या हातात.

शेजारच्या तांबोळीभाभींच्या परड्यात सात-आठ कोंबड्या होत्या. भाभी म्हणायच्या, "वहिनी, आमची कोंबडी म्हंजे पाव्हणी. चालता चालता अंडं टाकती आणि मागं वळून बगत न्हाई. त्यापरास माझी मोठी सून बरी."

आमची मृण्मयी याच कामात होती. पक्ष्यांच्या संवर्धनाच्या एका केंद्रात ती अंड्यांचा आवाज ऐकते. हे मी लोकांना सांगितलं की लोक माझ्याकडे पाहतात. पण ते खरंच तिचं काम होतं. आषाढ संपता संपता ती पेटी घेऊन दारात उभी राहिली.

"आई, मला तुझं घर हवंय."

"घे की. तुझंच आहे."

"तसं नाही. घरातली शांतता हवीय. आमच्याकडे पंखे, मोटरी, माणसं. तुझ्याइतकं हळू बोलणारं माणूस मला दुसरं माहीत नाही." मग तिने पेटी टेबलावर ठेवून पदार्थ झाकावा तसा तिच्यावर हात ठेवला. "आणि या घरात कुणी चुकून ऑम्लेट करणार नाही."

"तुझ्या आईचा भरवसा नको," हे आतून म्हणाले. "ती उपासाचं करील."

आमच्या उंबरठ्याच्या आत अंडं कधी आलेलं नव्हतं. मी देवघराकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. खायचं अंडं बाहेर, हे बरोबर. पण ही काही खायला आलेली नव्हती, बाळंतपणाला आलेली होती. बाळंतपणाला आलेलीला कोण परत पाठवतं? मी टेबल पुसून घेतलं.

मृण्मयीने मला पेटी समजावून दिली. तळातून प्रकाशाचा एक बारीक किरण टरफलातून आत जातो. आतल्या जिवाचं रक्त हललं की तो किरण थरथरतो, आणि ती थरथर पडद्यावर रेघ होऊन उमटते. म्हणजे अंडं न फोडता आतल्या काळजाचे ठोके दिसतात. टरफलाला लागून इवलेसे माइक आहेत, ते आतला आवाज टिपतात.

"आत आवाज असतो?"

"असतो. अर्धे दिवस भरले की पिल्लाला ऐकू यायला लागतं. पुढे ते टकटक करतं, चिवचिवतं. बसलेली कोंबडी त्याला उत्तर देते. ती हलकेच कुर्र करते, ते टक् करतं, मग ती पुन्हा. आळीपाळीने. आमचा असा अंदाज आहे की या बोलण्यातच पिल्लू आई व्हायला शिकतं. खुडूक बसायचं जनुक या कोंबड्यांत आहे, आई, कुठे गेलेलं नाही. नुसतं झोपलंय. त्याला अंड्यात असताना कुणी हाक मारली नाही, एवढंच."

"मग तुम्ही मारा की हाक."

"मारतोय. जुन्या खुडूक कोंबडीचा आवाज टेप केलेला होता, तो पेटी वाजवते. अंडी पहिल्यांदा दचकतात, मग लक्षच देत नाहीत. सगळ्या पेट्यांत तेच." ती काचेवर बोटाने उगीच रेघा ओढत राहिली. "आणि मूळ कळपातल्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात. तापाच्या आधी खुडूक आईखाली निघालेल्या त्या शेवटच्या. त्यांची अंडी बहुतेक ही शेवटचीच. यातून एकही बसणारी निघाली नाही, तर आयुष्यभर पेट्याच बनवत बसायच्या आम्ही."

तेव्हापासून मी त्या बारांना येता जाता पाहू लागले.

*

शुक्रवारी मी तिला फोन केला तेव्हा मला धाप लागली होती.

"आई, सावकाश बोल."

"मी नेहमी सावकाशच बोलते."

"आज नाही बोलत आहेस. काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबांना काय धाड भरलीय. अंडी हूं म्हणाली."

ती संध्याकाळच्या आत घरी आली. पायातले बूट काढायचं भान नव्हतं, मीच "देवघर आहे" म्हणून आठवण केली. पेटीतली नोंद तिने पुन्हा पुन्हा पाहिली. मग मला म्हणाली, "सांग बरं पुन्हा."

"शुक्रवारची झाली सांगून. उद्या शनिवारची."

"आई, अगं दोन वाक्यं."

"कहाणी अर्धी सोडत नाहीत."

शेवटी तिने रात्री मुक्काम केला आणि सकाळी मी शनिवारची कहाणी सांगितली. ती माझ्या मागे, जमिनीवर. मी पहिल्या वाक्याला थांबले आणि बारा रेघा उभ्या राहिल्या. मृण्मयीने तोंडावर हात दाबून धरला. इतकी शिकलेली मुलगी, पण डोळे दहा वर्षांच्या पोरीसारखे झाले होते. कहाणी होईपर्यंत ती हलली नाही. नंतर उठली, ह्यांच्या कानात यंत्र घातलं आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. हे म्हणाले, "चला, माझी सुटका झाली."

त्या आठवड्यात आमच्या घराला सणाची कळा आली होती. केंद्रातली दोन माणसं येऊन हळू पावलांनी पेटी बघून गेली. तांबोळीभाभी रोज डोकावायच्या. मी कहाणीला बसले की त्या दाराबाहेर उभ्या राहून पडद्याकडे बघायच्या आणि मला खुणेने सांगायच्या, सगळ्यांनी हूं म्हटलं, कोपऱ्यातलं जरा उशिरा म्हणालं. कोपऱ्यातल्याला त्यांनी "ह्यो जरा दमानं घेणारा हाय" असं ठरवून टाकलं. मलाही वाटायला लागलं होतं की हा कहाणीचा प्रभाव. देवाचे शब्द आहेत, टरफलाच्या आत पोचणारच. मनात जरा फुलून गेले होते, हे खोटं कशाला बोलू.

मग पुसेसावळीहून फोन आला. आबाकाका गेले.

आबाकाका म्हणजे ह्यांचे चुलत चुलते. नव्वदी कधीच ओलांडलेली. आदल्या दिवशी बासुंदी दोनदा मागून घेतली आणि सकाळी उठले नाहीत. कुणी फार रडलं नाही, असं भाग्याचं मरण. पण भावकी सख्खी होती, आणि आम्हाला दहा दिवसांचं सुतक लागलं.

सुतकात देवाला शिवायचं नाही. पूजा नाही, व्रत नाही, कहाणी नाही. मी देवघराला पडदा केला, शेजारच्या आळीतल्या श्रीपाद गुरुजींना सकाळी येऊन देवावर पाणी घालायला सांगितलं, आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मृण्मयीचा फोन. "आई, तुझी पेटी का शांत आहे?"

"सुतक आहे ना गं."

तिने फोनवरच अंड्यांचे दिवस मोजले. मग म्हणाली, "मी येते."

ती आली तेव्हा रेघा मलूल झाल्या होत्या. ठोके चालू होते, पण पाणी आटत चाललेल्या नळासारखे. तिने मला दाखवलं. या दिवसांत पिल्लाने आत फिरून टरफलाच्या रुंद टोकाकडे, जिथे हवेची पोकळी असते तिकडे चोच न्यायची असते. तिथला श्वास घेऊन ते बाहेर यायची तयारी करतं. भावंडं एकमेकांना टकटक करून सांगतात, चला, निघायचं. यांच्यातलं एकही फिरत नव्हतं.

"आई, कहाणी सांग."

"नाही सांगता येत."

"तुला कुणी बघत नाहीये."

"मला कुणी बघावं म्हणून मी पाळत नाही."

"आणि बारा जीव गेले तर त्यांचंही सुतक पाळशील का?"

"पाळीन," मी म्हटलं. मला माझाच आवाज परका वाटला.

ती उठून परसात गेली. तांबोळीभाभींनी आमचं ऐकलंच होतं. त्या पदर खोचून आत आल्या. "आमाला कुठं हाय सुतक? मी बोलते की." त्या पेटीपुढे बसल्या आणि पोरांना उठवावं तसं बोलायला लागल्या, "ए लबाडांनो, उठा आता. आईनं किती दीस वाट बघायची?" भाभींचा आवाज मोठा आणि प्रेमळ, पण रेघा होत्या तिथेच. "वळख न्हाई माझी," भाभी ओशाळून म्हणाल्या. "यांना तुमचाच आवाज पायजे."

मृण्मयीला त्यावरूनच सुचलं. पेटीने माझी प्रत्येक कहाणी टेप करून ठेवली होती. तिने ती लावली. सुतकात कहाणी कानावर पडू नये म्हणून मी मागच्या पायरीवर जाऊन बसले, आणि आतून माझाच आवाज मला हळू हळू ऐकू येत राहिला. थोड्या वेळाने तो बंद झाला. मी आत गेले.

"उठल्या का रेघा?"

"पहिल्या वाक्याला उठल्या. मग नाही." तिने डोकं दोन्ही हातांत धरलं. "तुझाच आवाज. तीच कहाणी. तेच शब्द. मग काय कमी पडतंय?"

हे दारात उभे राहून कानातलं यंत्र चाचपत होते. "माझं तेच होतं," ते म्हणाले.

"काय होतं, बाबा?"

"ती टेप थांबत नाही ना. तुझी आई सांगताना बघते माझ्याकडे. हूं येईपर्यंत थांबते. चुकीच्या जागी आला तरी थांबते. ते यंत्र आपलं पुढेच चाललंय. त्यात हूं म्हणायचं कुठे आणि कुणाला?"

मृण्मयीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग तो एकदम पेटला. "थांबत नाही," ती पुटपुटली. "कोंबडीच्या टेपमध्ये पण तेच. आम्ही आवाज मोजत बसलो. कोंबडी थांबते कधी, ते पाहिलंच नाही. बाबा, तुम्ही कमाल आहात." ती मागे वळली. "आई, त्यांना कहाणी नकोय. त्यांचं ऐकायला थांबणारं कुणीतरी हवंय. फक्त आता त्यांना तुझीच ओळख आहे."

मला कळलं. बोलायचं, पण काय? माझं रोजचं बोलणं म्हणजे भाजीत मीठ टाकलं का आणि दिवा लावला का. एरवी माझ्या तोंडी देवाचंच असायचं, आणि ते तर बंद.

देवावर पाणी घालायला त्या दिवशी उशीर झालेले श्रीपाद गुरुजी तेवढ्यात आले. आमच्या मृण्मयीपेक्षा लहान असतील, पण फार नेमस्त माणूस. मी त्यांना विचारलं. विचारताना लाज वाटली, तरी विचारलं. अंड्यांशी सुतकात बोललं तर चालेल का?

ते पेटीत डोकावून म्हणाले, "काकू, अंड्यांबद्दल माझ्या पोथीत काही नाही. पण सुतक कशाला असतं? माणूस गेलं की घरच्यांनी दुसरं सगळं बाजूला ठेवून त्याची आठवण काढावी म्हणून. देवाचं नका बोलू. गेलेल्याचं बोला."

ते गेले. मी चटई अंथरून पेटीसमोर बसले. कधीही न केलेली गोष्ट होती ती. मी आबाकाकांना म्हटलं, आबाकाका, माफ करा, पण आता तुम्हीच या.

"आबाकाका वडाप चालवायचे," मी सांगायला लागले. "माणसं भरून नेणारी जीपगाडी. तिला ते लक्ष्मी म्हणायचे." थांबले. काही नाही. "एकदा ते वऱ्हाड घेऊन वडगावला निघाले." थांबले. कोपऱ्यातली रेघ किंचित हलली. "आता वडगाव काय एक आहे? आपल्या जिल्ह्यातच पाच-सहा." टक्.

मृण्मयीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वऱ्हाड पोचलं. मांडव होता, सनई होती, सरबत आलं. आबाकाकांनी व्याह्यांना मिठी मारली. ते व्याही कोण, ते आबाकाकांना माहीत नव्हतं, आणि हे आबाकाका कोण, ते व्याह्यांना. पण लग्नात कोण कुणाला ओळखतं?" टक्. टक्. "पंगत वाढली. तेव्हा आबाकाकांनी त्यांच्या त्या आवाजात हाळी दिली…"

आणि इथे मी, जिच्या आवाजाने शेजारच्या खोलीतलं मांजर जागं होत नाही ती मी, आबाकाकांसारखी ओरडले. "चला रे, पान वाढलंय, उठा पटापटा."

सगळ्या रेघा उसळल्या. आतल्या खोलीतून यंत्र न घातलेल्या ह्यांचा आवाज आला, "आलो आलो. काय केलंयस आज?"

मृण्मयी हसून चटईवर आडवी झाली. मी हसले नाही, मला थांबायचं होतं. मी थांबले, आणि एक एक करून बारा टक् आले, कोपऱ्यातला शेवटी. मग मी सांगितलं की मांडवात नवरदेव दोन झाले, आणि खऱ्या नवरदेवाची बहीण कशी भडकली, आणि आबाकाका लक्ष्मीला पळवत दुसऱ्या वडगावाकडे कसे सुटले, जेवलेलं वऱ्हाड घेऊन. मग त्यांच्या बकऱ्यांची नावं सांगितली. मग त्यांनी माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना फटाके कसे लावले ते. दिवस मावळेपर्यंत मी बोलत होते. माझ्या आयुष्यात मी सलग एवढं बोलले नव्हते.

सकाळी सगळ्या चोचा हवेच्या बाजूला वळल्या होत्या.

*

पुढचे दिवस आमच्याकडे आबाकाकाच होते. मला आठवेना तेव्हा ह्यांनी आठवून दिलं, ह्यांना आठवेना तेव्हा पुसेसावळीला फोन करून विचारलं. तिकडच्या जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही आबांची एवढी आठवण काढताय, आम्हाला वाटलं नव्हतं गं," आणि फोनवर रडल्या. त्यांना अंड्यांचं कसं सांगू, म्हणून मी नुसतं हूं म्हटलं.

सुतक फिटायच्या आधी अंड्यांना चिरा पडल्या. मी सांगत होते, थांबले, आणि टक्‌ऐवजी चिव असा स्वच्छ आवाज आला. टरफलाचा टवका उडाला आणि आतून चोचीचं पांढरं टोक दिसलं. मग सगळीकडून चिरा. मृण्मयी म्हणत होती की यंत्रातली पिल्लं मागेपुढे, दिवस दिवस अंतराने निघतात. ही एकमेकांच्या हाका ऐकत निघाली. ओली, चिकट, काडीसारखी मान टाकलेली, आणि बघता बघता वाळून कापसाची बोंडं झालेली. बारापैकी अकरा निघाली. एक आतच राहिलं, पाचवं. त्याला मी परसात जास्वंदीखाली ठेवलं.

तांबोळीभाभी म्हणाल्या, "मग आता सुतक का सोयर, वहिनी? घरात मौत बी झाली आणि बाळंतपण बी."

"श्रीपाद गुरुजींना विचारते," मी म्हटलं. त्यावर भाभींनी माझ्या पाठीत धपाटा मारला.

पिल्लं काचेखालून बाहेर काढली तशी मृण्मयीने त्यांना परातीत ठेवलं आणि मला खोलीच्या पलीकडल्या टोकाला उभं केलं. "आता बोल."

"काय बोलू?"

एवढं म्हणाले मात्र. अकरा पिल्लं परातीच्या काठावर चढली, उलटीपालटी पडली, आणि फरशीवरून घसरत माझ्या पायांकडे पळत सुटली. मृण्मयी मोबाइल धरून होती, पण तिचा हात इतका हलत होता की त्या चित्रात छतच जास्त आलं आहे.

केंद्राने त्यानंतर पेट्यांच्या टेपा काढून टाकल्या आणि अंड्यांचं ऐकून थांबणारं काहीतरी बसवायला घेतलं. पण खरी गोष्ट अजून कळायची होती. पिल्लं आवाजाकडे धावतात हे कळलं होतं. आई होतील का, ते मोठी झाल्यावरच कळणार. मी पिल्लं भाभींच्या परड्यात दिली. आमच्या घरात कोंबड्या कुठे ठेवणार? रोज दोन वेळा जाऊन यायचे. त्यांतल्या आठ माद्या निघाल्या. त्या तांबूस झाल्या, तुरे आले, माघात अंडी द्यायला लागल्या. अंडं द्यायच्या आणि निघून जायच्या. मृण्मयी फोनवर रोज एकच विचारायची, "बसली का कुणी?" आणि मी रोज म्हणायचे, "नाही गं." शेवटी तिने विचारायचं सोडून दिलं. ते मला जास्त लागलं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ घेऊन मी एका सकाळी भाभींकडे गेले. भाभी बाजारात गेलेल्या. परड्यात कोंबड्या टाकलेला दाणा टिपत होत्या. मी सवयीने त्यांतल्या आमच्या आठ तेवढ्या मोजल्या. सात.

खुराड्यात वाकून पाहिलं. कोपऱ्यात एक तांबूस कोंबडी पसरून बसली होती, दुप्पट आकाराची, पिसं सगळी उभी. खाली अंड्यांची पांढरी कड दिसत होती. मला वाटलं, आजारी पडली. मी हाक मारली. एरवी माझ्या आवाजाला ती उड्या मारत यायची. आता तिने मान वळवून मला एका डोळ्याने पाहिलं, आणि तिच्या पोटातून आवाज आला. कुर्र. तो माझ्यासाठी नव्हता. तो खालच्या अंड्यांसाठी होता. ती थांबली, मान तिरकी करून ऐकत राहिली, आणि पुन्हा म्हणाली, कुर्र.

तरी मी खात्री करायला हात आत घातला. तिने तो असा टोचला की मी तिथेच मटकन बसले.

मी फोन लावला.

"मृणू, मला कोंबडी चावली."

"अगं आई, हात धू आधी. कुठली? कशी काय चावली?"

"अंड्यांवर बसलीय. उठत नाही. हात लावू देत नाही. गुरगुरते."

मग खूप बारीक आवाजात तिने विचारलं, "तुला ओळखलं नाही तिने?"

"ओळखलं की. पण आपलं काही चालू देत नाही आता ती."

"रक्त आलं?"

मी बोटाकडे पाहिलं. "चांगलं आलंय," मी म्हटलं, आणि मला माझं हसू आवरेना. फोनमधून मृण्मयी कुणाला तरी ओरडून सांगत होती, माझ्या आईला चावली, माझ्या आईला चावली, आणि तिकडे खुर्च्या सरकत होत्या, माणसं धावत होती. मी हातातला फोन खुराड्याच्या दारापाशी धरला, म्हणजे त्यांना सगळ्यांना ती कुर्र ऐकू जावी, आणि दुसऱ्या हाताचं बोट पदरात गुंडाळून गप्प बसून राहिले.